संक्रांतीचे पहिले पाणी

मंगळवार, १४ जानेवारी. सकाळी सव्वानऊ वाजता मोर्शीजवळच्या बागेत नितेशने मोबाईलवरून बोअरची मोटर लावली. मोटर सुरू झाली नाही. पडद्यावर ओळ आली: परवानगी नाही. त्याने पुन्हा दाबले. पुन्हा तीच ओळ.

त्याची आई दुर्गाबाई पाइपाच्या तोंडाशी उभी होती. हातात ताट, ताटात हळदकुंकू आणि तिळाचे लाडू. संत्र्याच्या झाडांचे पाणी डिसेंबरच्या सुरुवातीपासून तोडले होते. याला ताण देणे म्हणतात. पाणी बंद ठेवायचे, झाड मलूल होऊन पाने वळली की भरपूर पाणी सोडायचे. मग झाड एकदम फुलावर येते. ताण कमी पडला तर फूल नाही, जास्त झाला तर झाड शेंड्याकडून वाळत येते. या घरात ताण संक्रांतीला तोडायचा आणि पहिल्या पाण्यात घरच्या बाईने लाडू सोडायचा, हा नितेशच्या वडिलांचा, पंजाबरावांचा शिरस्ता. पंजाबराव वारले, शिरस्ता राहिला.

"लाइन हाय ना?" दुर्गाबाईंनी विचारले.

"हाय. तिन्ही फेज हाय."

"मंग?"

नितेशने थोरल्या भावाला फोन लावला. कुलदीप बायकामुलांसह ऑस्ट्रेलियात मिल्डुरा नावाच्या गावी राहतो. तेही संत्र्यांचे गाव. तिथे दुपार झाली होती.

"दादा, माह्या नंबरवर मोटर चालून नाही राहिली."

"काढला मी तुहा नंबर."

"काहून?"

"झाड तयार नाही अजून. क्यामेऱ्यात दिसते मले. पान पाह्य ना, सकाळी सरळ होऊन राहिलं."

"बाबा त संक्रांतीलेच—"

"बाबा अंदाजानं करत होते." मग त्याच आवाजात, "मायचं व्हिसाचं मेडिकल झालं का नागपूरले?"

"नाही."

"होऊ दे. मंग पाहू."

फोन स्पीकरवर होता. दुर्गाबाईंनी एक लाडू कोरड्या पाइपाच्या तोंडात ठेवला आणि त्या घराकडे वळल्या. संध्याकाळपर्यंत तो मुंग्यांनी संपवला.

बोअर कुलदीपच्या नावावर होती, वीजजोडणीही. दोन दिवाळ्यांआधी आला तेव्हा त्याने जुना स्टार्टर काढून नवा पॅनल बसवला. केबलचोरांचा उच्छाद होता म्हणून कॅमेराही लावला. पॅनलला हाताने चालवायचे बटण ठेवले नव्हते. "तुले बागेत येवाचंही काम नाही," तो नितेशला म्हणाला होता. सगळे खूश झाले होते.

कुलदीपला हे काम येत होते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पदवी घेऊन तो आठ वर्षांपूर्वी गेला. पहिले दोन हंगाम त्याने द्राक्षे तोडली. मुकादम त्याला नावाने नाही, बादलीवरच्या आकड्याने हाक मारायचा. आता त्या मुकादमाच्या मालकाच्या बागांचे पाणी कुलदीपच्या बोटावर सुटते आणि बंद होते. बायको रागिणी अमरावतीची, इंजिनिअर. तिथे ती वृद्धाश्रमात काम करते. म्हाताऱ्यांना अंघोळ घालते, घास भरवते, त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारते. तिथल्या लोकांना ती फार आवडते. गेल्या वर्षी दोघांना नागरिकत्व मिळाले. समारंभात प्रत्येकाच्या हातात तिथल्या झाडाचे एकेक रोप दिले. रोप धरलेला चौघांचा फोटो मोर्शीच्या घरात शोकेसमध्ये आहे. घर झाले, गाडी झाली, थोरली ईरा शाळेत जायला लागली. अडत होते ते एकाच ठिकाणी. रागिणीला पूर्ण वेळेची नोकरी मिळत होती आणि दोन वर्षांच्या धाकट्याला सांभाळायला कोणी नव्हते. रागिणीच्या आईने पहिल्याच फोनवर हात वर केले होते. राहिल्या दुर्गाबाई.

दुर्गाबाई एकदा जाऊन आल्या होत्या, धाकट्याच्या जन्माच्या वेळी. सहा महिने राहिल्या. तिथे स्वयंपाकघरात कॅमेरा होता आणि कॅमेऱ्यातून बोलता येत होते. कुलदीप कामावरून बोलायचा. "माय, गॅस बारीक कर." "माय, फ्रिज उघडा हाय." भिंतीतून पोराचा आवाज आला की दुर्गाबाई पदर सावरायच्या. ईराने हे पाहिले. एका दुपारी तिने शेजारच्या खोलीतून टॅबवर आवाज दिला, "आजी, सिट." तो शब्द ईरा शेजारच्या कुत्र्याला म्हणायची, म्हणून दुर्गाबाईंना कळत होता. त्या कणकेच्या हातांनी खाली बसल्या. "आजी, अप." त्या उठल्या. कॅमेऱ्यात ते साठले. रात्री सगळे हसले, आणि कुलदीपने तो तुकडा घरच्या ग्रुपवर टाकला. अकोल्याहून दुर्गाबाईंच्या मुलीने, मायाने, तीन हसरे चेहरे पाठवले.

परत आल्यावर दुर्गाबाईंनी तो व्हिडिओ धाकट्या सुनेच्या, शालूच्या फोनवर पाहिला. ऑक्टोबरमध्ये कुलदीपने पुन्हा बोलावले तेव्हा म्हणाल्या, "मी नाही येत आता."

नोव्हेंबरात रविवारचा व्हिडिओ कॉल बंद झाला. नातवंडांचे फोटो येईनासे झाले. डिसेंबरात ताण लागला. जानेवारीत तो तुटला नाही.

शालूने एकदा फोन हिसकावून घेतला. "दादा, झाडाची पानं गळून राहिली. तुमची माय हाय का वैरी हाय?"

"माय हाय म्हणूनच त बोलावून राहिलो. दुसऱ्याची बोलावली असती का?" कुलदीप म्हणाला. "काळी जमीन हाय. अजून धा-बारा दिवस झाड मरत नाही. मले माहीत हाय."

ते खरे होते. तितके दिवस झाड मेले नाही.

दुर्गाबाई अकोल्याला मायाकडे गेल्या. माय दूर गेली की दादाचा राग बागेवरून उतरेल, असे नितेशला वाटले होते. मायाने पाटवडीचा रस्सा केला, आईचे डोके तेल लावून चोळून दिले. मग दोनतीन दिवसांनी भाजी निवडताना म्हणाली, "माय, माह्या पोराले, योगेशले, पुढच्या साली तिकडं पाठवाचं हाय. दादाच्याच भरवशावर हाय सारं."

"पाठव ना मंग. मी काय आडवी आली?"

"आडवीच येऊन राहिली न व तू. तिकडं काय दुख हाय तुले? एसी हाय, गाडी हाय, पोरं हायत."

"तिथं मले बस म्हणतात."

"मंग बसाचं."

दुर्गाबाईंनी मेथीची जुडी संपवली. दुसऱ्या दिवशी जावयाने त्यांना अमरावतीच्या बसमध्ये बसवून दिले. खिडकीची जागा पाहून दिली.

फेब्रुवारी लागला. पलीकडे किसनरावांची बाग फुलली. वारा तिकडून होता. नितेशच्या बागेत उभे राहिले तरी फुलांचा वास येत होता. त्याच्या झाडांखाली पानांचा थर साचला होता आणि शेंडे काडीसारखे मोडत होते.

"काय गा नितेश," किसनराव बांधावरून म्हणाले, "सुतक हाय का बागेले?"

नितेशने सांगितले.

"अरे, मंग डायरेक्ट जोड! तुह्या बापाच्या जमिनीतलं पाणी हाय, ऑस्ट्रेलियातून आलं का?"

किसनरावांची स्वतःची बोअर अर्ध्या तासात दम टाकत होती. देण्यासारखे त्यांच्याकडे हेच होते. दोघांनी दुपारी पॅनल टाळून तारा थेट जोडल्या. मोटर उचलली. पाइपातून आधी हवा, मग गढूळ पाणी, मग पाणी. नितेश पहिल्या झाडाच्या आळ्यात पाय घालून उभा राहिला. शालू घरून लाडू आणायला धावली. ती परत येईपर्यंत मोटरचा आवाज घोगरा झाला होता. मग पाणी थांबले. चालता चालता एक फेज गेला होता. पॅनल मध्ये असता तर त्याने मोटर आपोआप बंद केली असती. थेट जोडलेली मोटर दोन फेजवर चालून जळाली.

फोन लगेच आला. कुलदीपच्या आवाजात राग नव्हता.

"पाहून राहिलो होतो मी. एक फेज गेला होता."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"मले विचारलं का?"

त्या संध्याकाळी दुर्गाबाईंनी चुलीपुढे बसून विचारले, "ते मेडिकल कधी हाय म्हणते?"

नागपूरच्या डॉक्टरांनी प्रकृती उत्तम असल्याचे लिहून दिले. व्हिसा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आला. त्याच दिवशी मोर्शीचा मिस्त्री नवी मोटर आणि पॅनल घेऊन बागेत आला. सांगावा मिल्डुराहून होता. नव्या पॅनलला कुलूप होते. मोटर आत सोडून, तारा जोडून तो म्हणाला, "आता वरूनच चालू होईन."

ग्रुपवर कुलदीपने लिहिले, "माय विमानात बसली की सोडतो." मायाने जोडलेले हात पाठवले.

नितेश आईला नागपूरच्या विमानतळावर सोडून आला. आत जाताना त्या एवढेच म्हणाल्या, "पहिले आंब्याकडच्या ओळीले दे. ते जित्ते हाय अजून." तो परत बागेत पोचला तेव्हा पाणी वाहत होते. पहिल्या पाण्यात लाडू कोणी सोडला नाही. आंब्याकडच्या ओळींना पालवी आली, उशिरा थोडे फूलही आले. रस्त्याकडची झाडे आली नाहीत. ती तोडायची की अजून वाट पाहायची, हे नितेशने ठरवलेले नाही.

एप्रिलमध्ये रविवारचे कॉल पुन्हा सुरू झाले. दुर्गाबाई सोफ्याच्या कडेला बसलेल्या दिसायच्या, मांडीवर धाकटा. "बरी हाय," म्हणायच्या. "पाणी सुरू हाय का?" म्हणायच्या. नितेश हो म्हणायचा. एकदा मागून भिंतीतला आवाज आला, "माय, दूध उतू जाईन," आणि त्या बोलता बोलता उठून गेल्या. त्या कॉलवर परत आल्या नाहीत.

मेमध्ये मोर्शीचा पारा पंचेचाळिसावर गेला. उरलेल्या झाडांना दिवसाआड पाणी लागत होते. शनिवार, १० मे रोजी कुलदीपने ग्रुपवर एक चित्र टाकले. काही दिसत नव्हते, नुसता हिरवट रंग आणि विणीच्या रेघा. खाली लिहिले होते, "मायनं क्यामेऱ्यावर लुगडं टाकलं." मायाने तीन हसरे चेहरे पाठवले. कुलदीपने काही पाठवले नाही. त्या दुपारी बागेतली मोटर मध्येच बंद झाली. लाइन होती.

रविवारच्या कॉलवर दुर्गाबाईंनी नेहमीचे विचारले. "पाणी सुरू हाय?"

नितेशने शालूकडे पाहिले. "नाही, माय."

"कवापासून?"

"काल दुपारपासून."

दुर्गाबाईंनी मान हलवली. धाकट्याच्या तोंडाला लागलेला भात पुसला. कॉल संपला.

सोमवारी दुपारी पावणेदोनला रागिणीचा फोन आला. ती कामावरून घरी पोचली होती आणि दार आतून लावलेले होते. खालची खिट्टीही लावली होती. किल्लीचा उपयोग नव्हता. मागच्या दाराला आतून सोफा सरकवला होता. मुले आत होती.

"भाऊजी, आईंना समजवा. त्या उघडत नाहीयेत. धाकटा रडतोय."

"दादा कुठं हाय?"

"फार्मवर. निघालेत. शेजारीण म्हणतेय पोलिसांना बोलवू का. पोलीस आले तर मुलांची चौकशी लागते इथे, भाऊजी. सगळं लिहिलं जातं. माझी नोकरी—"

"काय म्हणून राहिली माय?"

"एकच. मोटर सोडा, मग पाहू."

"त्याले सांगितलं?"

"सांगितलं. ते म्हणाले, आधी दार. गाडी चालवतायत. त्यांच्या फोनवर एका बोटाचं काम आहे, भाऊजी. तुम्ही सांगा ना त्यांना."

नितेशने तिला फोन दाराला लावायला सांगितला. लाकडावर काहीतरी घासले. आत धाकट्याचे रडणे ऐकू येत होते, आणि ईरा इंग्रजीत काहीतरी विचारत होती, पुन्हा पुन्हा तेच.

"माय, मी नितेश. दार उघड. पोरं भेली असतीन."

मग अगदी जवळून, दाराला तोंड लावल्यासारखा, दुर्गाबाईंचा आवाज आला.

"मोटर सुरू झाली का?"

नितेश तेव्हा बागेतच होता, पॅनलच्या कुलपासमोर.

"नाही, माय."

पावले आत गेली. त्यानंतर धाकट्याचे रडणे थांबले. रागिणीने दारावर हात मारायला सुरुवात केली, आणि फोन कट झाला.

नितेशने कुलदीपला लावलेला फोन वाजून वाजून बंद झाला, तीनदा. अकोल्याला मायाचा फोन व्यस्त होता. या आठवड्यात बागेची लाइन दुपारी चारला जाते. पावणेचार वाजता तिन्ही फेज होते, पॅनलवरचा लाल दिवा लागलेला होता, मोटर बंद होती. मिल्डुराहून फोन आलेला नव्हता.