अर्धा स्वर खाली

ठमीला तिच्या मोठ्या भावाने फसवलं ते दुपारच्या चहाला, बिस्किट बुडवता बुडवता.

"संध्याकाळी तुझी लाकडी बासरी नुसती दाखवायची," दादा म्हणाला.

"दाखवायची म्हणजे?"

"धरायची. जरा गोल फिरवायची, मागच्यांना दिसेल अशी. मग तुझी वहिनी चांदीची वाजवेल."

"कार्यक्रम माझा आहे, दादा. युरोपातल्या जुन्या दरबारी संगीतापासून आजपर्यंत बासरी कशी बदलत गेली, ते मी वाजवून दाखवणार होते."

"हो ना. बदलली. तेच सांगतोय."

वहिनी बशीकडे बघत म्हणाली, "आयोजकांना तर कळवलंय, की तूच नको म्हणालीस. ओठ सुजलेत म्हणून."

ठमीने ओठांना हात लावून पाहिला. ओठ ठणठणीत होते.

तिची बासरी चांदीच्या बासरीपेक्षा अर्धा स्वर खाली बोलायची. दादा वाजवायचा ते हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोचा पणजोबा. त्याच्या पट्ट्यांची अख्खी फळी डावीकडे ढकलली की तेही अर्धा स्वर खाली उतरायचं. एवढंच काम. लहानपणापासून ते ठमीच करायची, कारण दादाला एकदा बसलं की उठायचा कंटाळा. आज फळी उजवीकडे होती.

संध्याकाळी हॉल भरला. दादाने चार वाक्यांत तीनशे वर्षं उरकली आणि तिला खूण केली. ठमीने बासरी धरली. फिरवली. पहिल्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "वाजते का ही?"

"वाजते की," ठमी म्हणाली, आणि हार्पसिकॉर्डपाशी गेली. "दादा, हात काढ."

"ठमे, तमाशा नको."

"हात काढ, बोटं चेमटतील."

त्याने हात काढले. तिने फळी डावीकडे ढकलली, जागेवर येऊन उभी राहिली आणि त्याच्याकडे पाहिलं. आता वाजवायची ती चाल दोघांनी रोज एकत्र बसवली होती. दादाने हाताची घडी घातली. लोकांसमोर, हसतमुखाने, फोटो काढायला बसल्यासारखी.

मग ठमीने एकटीनेच वाजवलं. साथीशिवाय त्या चालीचं अर्धं अंग लुळं पडलं होतं, आणि मध्ये मध्ये तिच्या श्वासाचाच आवाज जास्त यायचा. आजोबांनी टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनी आजोबांकडे बघून वाजवल्या.

ती खाली येऊन खुर्चीत बसली. वहिनी साडी सावरत उभी राहिली, चांदीची बासरी ओठांना लावली. दादाने मान डोलावली, हात ठेवले आणि सुरुवात केली.

फळी अजून डावीकडेच होती. दोन सूर एकाच दारातून आत घुसू पाहणाऱ्या दोन जाड माणसांसारखे एकमेकांवर आदळले. वहिनी थांबली. दादा पट्ट्यांकडे बघत राहिला, मग काही बिनसलं की बघायचा तसं त्याने ठमीकडे पाहिलं.

ठमीने बासरी मांडीवर ठेवली आणि हाताची घडी घातली.