दोन माशीमार आणि हर्षचा प्रोग्रॅम

नीलांबरी हायडेलबर्गला दक्षिण अमेरिकेतल्या दोन चिमुकल्या माशीमार पक्ष्यांवर पीएचडी करत होती. एक छोट्या चोचीचा एलेनिया, दुसरा पांढऱ्या तुऱ्याचा. पंचाईत अशी, की पांढरा तुरा दोघांनाही होता आणि चोचींतला फरक जेमतेम कळायचा. म्हणून ती त्यांच्या आवाजांची तुलना करत होती. कानाला हेडफोन लावून एकेक शीळ ऐकण्यात तिची वर्षं गेली होती.

तिचा नवरा हर्ष सॉफ्टवेअरमधला. नाताळच्या सुट्टीत त्याने गंमत म्हणून तिची रेकॉर्डिंग्ज घेतली आणि दोन्ही पक्षी ओळखणारा प्रोग्रॅम लिहिला. तो जवळजवळ चुकतच नव्हता. नीलांबरीच्या प्रोफेसरबाई इतक्या खूश झाल्या, की त्यांनी हर्षला इन्स्टिट्यूटच्या बैठकीत बोलायला बोलावलं. तिचं काम त्यांनी असं कधी कुणाला दाखवलं नव्हतं.

हर्ष फोनवर आईला सांगत होता, "अगं, आमचे पक्षी आहेत ना, ते."

आमचे. नीलांबरीने भांडी जरा आपटतच आवरली. तिला स्वतःची लाज वाटत होती, तरी त्याचा आनंद बघवत नव्हता.

ती त्याच्या प्रोग्रॅममधली चूक शोधायला लागली, आणि ती सापडलीही. पांढऱ्या तुऱ्याच्या पक्ष्याची बहुतेक रेकॉर्डिंग्ज डोंगरातल्या एका ओढ्याकाठची होती. तिने शीळ कापून नुसतं पाणी ऐकवलं, तरी प्रोग्रॅमने बेधडक उत्तर दिलं, पांढऱ्या तुऱ्याचा. त्याला पक्षी कळतच नव्हता.

हर्ष शेजारच्याच खोलीत होता. त्याला हाक न मारता तिने लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी बैठकीत त्याचं बोलणं संपल्यावर तिने तेच पाणी सगळ्यांना ऐकवलं. पडद्यावर उत्तर उमटलं आणि मागे कोणीतरी हसलं. हर्षने पडद्याकडे पाहिलं आणि तिचं बरोबर असल्याचं शांतपणे मान्य केलं.

परतताना ट्रॅममध्ये तो म्हणाला, "तुला आधीच माहीत होतं ना?"

"हो. काल कळलं."

"मग घरी का नाही सांगितलंस?"

"सगळ्यांसमोर तुला चुकताना मला बघायचं होतं."

तो भांडला नाही. सगळ्या फाइल्स तिच्याकडे देऊन मोकळा झाला. तिने रेकॉर्डिंग्जमधला पाण्याचा आवाज काढून प्रोग्रॅमला पुन्हा शिकवलं. प्रोग्रॅम आता बराच चुकायचा, पण निदान पक्षी ऐकत होता. या कामावर लिहिलेल्या लेखावर तिने आग्रहाने हर्षचंही नाव घातलं. छान झालंय, एवढंच तो म्हणाला.

वसंतात त्याने जुनी सायकल खोलून दुरुस्तीला घेतली. मदत करू का, असं तिने विचारलं.

"नको," तो म्हणाला. "हे माझं मला करू दे."