केशरबाईची चुंबळ

धामणवाडीच्या जत्रेत घोड्यांच्या शर्यतीला जेवढी माणसं जमत, तेवढी देवळात जमत नसत. देवाला त्याचं वाईट वाटत असेल तर त्यानं तसं कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. पिंपळगाव रेणुकाईच्या पलीकडं दोन कोसांवरचं हे गाव. चैत्रात गहू-हरभरा निघाला की नदीकाठचं लांबट रान कुळवायचं, त्यावर बैलांनी फळी ओढून माती सपाट करायची, वरून पाणी शिंपडायचं, आणि मग त्या पट्टीत शर्यतीच्या घोड्यांशिवाय चिटपाखरूही फिरकू द्यायचं नाही. कारण साधं होतं. निकालावरून भांडण लागलं की धामणवाडीचे पंच आधी माणसांचं ऐकत नसत, माती बघत. कुणाचं घोडं सरळ गेलं आणि कुणाचं आडवं आलं, ते त्या ओलसर मातीत उमटलेलं असे.

पण तक्रार फुकटात करता येत नसे, नाहीतर हरलेला प्रत्येकजण रडत आला असता. तक्रार करणाऱ्यानं डोक्यावरचं उतरवून पंचांच्या बाजेवर ठेवायचं. तक्रार खोटी ठरली तर पागोटं पुढच्या जत्रेपर्यंत पंचांकडंच राहायचं आणि त्या गड्यानं वर्षभर बोडक्यानं हिंडायचं, लग्नात, बाजारात, सोयऱ्यांच्या दारात. खरी ठरली, तर ज्याच्या घोड्यानं आडवं घातलं त्या मालकानं ते पागोटं आपल्या हातानं तक्रारदाराच्या डोक्यावर चढवायचं. बोडक्या डोक्याच्या भीतीनं भल्याभल्यांच्या तक्रारी ओठांवरच विरून जात. एरवी शेताच्या बांधावरून कोर्टात जाणारी ही माणसं शर्यतीत मात्र फार समजूतदार होती.

दुष्काळ सरल्यानंतरची ती दुसरी जत्रा. त्या साली पट्टीवर गावातल्या बड्या जमीनदार अप्पारावाचा काळा घोडा सुलतान होता, जो सलग जिंकत आला होता, आणि केशरबाईची मैना होती, जिच्यावर कुणी सुपारीसुद्धा लावली नसती.

मैना अस्सल रेसची घोडी. केशरबाईचा नवरा भिवा हैदराबादला रेसकोर्सच्या तबेल्यात मोतद्दार होता, घोड्यांचा खरारा करता करता त्याची निम्मी उमर गेली. मैनेचा पुढचा पाय दुखावला तेव्हा मालकानं तिची आशा सोडली आणि भिवानं तिला मागून घेतली. तो तिला चालवत गावी घेऊन आला तेव्हा अख्खं गाव पोट धरून हसलं. बौद्ध वस्तीतल्या मजुराच्या दारात रेसची घोडी, तीही लंगडी. भिवा कुणावर चिडला नाही. चावडीसमोर उभा राहून त्यानं एवढंच सांगितलं की हिचा पाय बरा होऊ द्या, ही धामणवाडीची पट्टी एक नंबरानं काढील. पाय बरा व्हायच्या आत भिवाच तापानं गेला.

मग दुष्काळ आला. लोकांनी केशरबाईला सांगून पाहिलं की घोडी जालन्याच्या टांगेवाल्याला देऊन टाक. तिनं नाही दिली. दिवसभर सरकारी कामावर खडी फोडायची, तिथून सुटली की मिळेल त्या ओढ्यातलं गवत कापायचं आणि भारा डोक्यावर घेऊन घरी यायचं, असं तिनं ते साल काढलं. वस्तीनं छप्पन साली देव सोडले होते, त्यामुळं नवस बोलायची सोय नव्हती. भिवाचा शब्द तेवढा तिच्याजवळ होता, आणि तो खरा करायचा हे तिच्या मनानं घेतलं होतं.

घोडी पळवणार होता तिचा दीर सर्जेराव. अंगानं काडी, स्वभावानं मवाळ, पण मैनेच्या पाठीवर बसला की मैनेला जड होत नसे. केशरबाई शर्यत सुटते तिथं थांबली नाही आणि शेवटच्या निशाणापाशीही नाही. पट्टीच्या मध्यावर काठाला एक वाकडी बाभूळ होती, तिथं जमीन जरा कडक लागायची. मैनेचा पाय तिथं धरतो की काय या धाकानं ती बाभळीखाली जाऊन उभी राहिली. सकाळी मैनेसाठी गवताचा भारा आणि पाण्याची घागर तिनं डोक्यावरच आणली होती. ती चुंबळ, म्हणजे जुन्या लुगड्याच्या फडक्याची ओझ्याखाली घ्यायची गुंडाळी, अजून तिच्या हातात होती.

हलगीच्या गजरात सगळी घोडी सुटली. बाकीची मागं पडत गेली आणि बाभळीपाशी दोनच उरली, सुलतान आणि मैना, मानेला मान लावून. केशरबाईला मैनेचा पाय दिसला. तो धरला नव्हता. तिला भिवाला हाक मारावीशी वाटली. आणि त्याच क्षणी सुलतान वळला. डावीकडून तिरपा, थेट मैनेच्या तोंडासमोर. सर्जेरावानं लगाम खेचला नसता तर दोन्ही घोडी उलथली असती. मैनेची मान वर गेली, पाय आखडले, ती जवळजवळ थांबलीच. मग सर्जेरावानं लगाम सैल सोडला आणि ती पुन्हा पळाली. निशाण आलं तेव्हा सुलतान पुढं होता, मैनेच्या फक्त मानेइतका.

निशाणापाशी जमलेल्यांनी तेवढंच पाहिलं. हलगी कडाडली, अप्पारावाची माणसं गुलालाची पाटी घेऊन पट्टीकडं धावली. एकदा ती पट्टीत नाचली असती तर मातीतलं सगळं पुसलं गेलं असतं. केशरबाई धावली आणि हात पसरून पट्टीच्या तोंडाशी उभी राहिली.

"तक्रार हाय," ती म्हणाली. "कुणी पट्टीत पाय घालू नका."

हा शब्द निघाला की अप्पारावालाही थांबणं भाग होतं. माणसं जागच्या जागी थबकली. वस्तीतल्या बायका न सांगता आल्या आणि पट्टीच्या काठानं ओळीनं उभ्या राहिल्या. सर्जेराव घोडीला लगामानं धरून आला तो घाबराघुबरा झालेला. अप्पारावाच्या बांधावर आपण गवत कापतो, त्याच्याच रानात मजुरीला जातो, जाऊ द्या, दुसरा नंबर काही वाईट नाही, असं त्यानं वहिनीला हळू आवाजात विनवलं. ती ऐकेना हे पाहून आपला पटका सोडायला लागला.

"राहू द्या भावजी," केशरबाई म्हणाली. "घोडी माझी, तक्रार माझी. डोकं तुमचं कशाला?"

पंच तिघं होते, पण शब्द चालायचा तो बद्रीनारायण शेठचा. यांचे आजे मारवाडातून भोकरदनला आले आणि कापडाच्या दुकानात इथलेच झाले. शेठ तरुणपणी हैदराबादच्या रेसला जाऊन बसायचे. तिथं तक्रारी कशा निवाडतात ते पाहून त्यांनी धामणवाडीच्या पंचांना शिस्त लावली होती. शेठ बाजेवर बसले होते. केशरबाई समोर आली आणि तिनं चुंबळ बाजेवर ठेवली.

लोक हसले. अप्पाराव तर मनापासून हसला. दुसऱ्या एका पंचानं तोंड वाकडं केलं, की हे ओझ्याचं फडकं, याला कसला मान, पागोट्याच्या जागी हे चालायचं नाही. केशरबाईचे कान तापले. रडू येईल असं तिला वाटलं आणि त्याचाच तिला राग आला.

"तुमी डोक्यावरचं ठेवा म्हणता," ती म्हणाली. "माझ्या डोक्यावर हेच असतंय. दुष्काळात ह्याच चुंबळीवर गवत आणून घोडी जगवली. तक्रार खोटी निघाली तर ठिवून घ्या. सालभर ओझं बोडक्या डोक्यावर घीन, पण दुसरी चुंबळ करणार न्हाई."

शेठनी चुंबळ बाजेच्या मधोमध सरकवली. मग म्हणाले, "कायदा डोक्यावरचं म्हणतो. पागोटंच पाह्यजे असं कुठं म्हणतो? बराबर हाय. चुंबळ मंजूर."

हसणं थांबलं. शेठ उठले आणि पट्टीच्या काठाकाठानं बाभळीपर्यंत गेले, मागं पंच, अप्पाराव आणि केशरबाई. मागून आलेली घोडी दुसऱ्या कडेनं गेली होती, त्यामुळं मातीत काही झाकलं नव्हतं. सुलतानाला नाल होते, मैना बिननालाची पळाली होती, त्यामुळं कुणाचं पाऊल कोणतं यात वाद नव्हता. दोन्ही रांगा बाभळीपर्यंत शेजारीशेजारी सरळ आल्या होत्या. तिथं नालाची रांग तिरपी होऊन मैनेच्या रांगेत घुसली होती, आणि मैनेची पावलं तिथं आखूड, खोल, एकमेकांवर चढलेली दिसत होती.

अप्पारावानं ते नाकारलं नाही. माणूस तसा लबाड नव्हता, फक्त हरायची सवय नव्हती. हलगीच्या आवाजानं जनावर बुजलं, भुजंगानं मुद्दाम नेलं नाही, असं तो म्हणाला. भुजंग म्हणजे सुलतान पळवणारा, त्याचा पगारी माणूस. त्यानं मान डोलावली, आणि ते खरंही होतं.

"मुद्दाम का चुकून, हा सवालच न्हाई," शेठ म्हणाले. "आडवं आल्यानं निकाल फिरला का, एवढाच सवाल हाय. फिरला नसंल तर सुलतान पयला."

अप्पारावाचा चेहरा उजळला. मग तर प्रश्नच मिटला, तो म्हणाला, लंगडी घोडी सुलतानाच्या पुढं जाणार होती थोडीच? आडवं घातलेलं केशरबाईनं डोळ्यांनी पाहिलं होतं, पण झालं नसतं तर काय झालं असतं, हे कुणाला दाखवणार? ते मातीत उमटत नाही. तिला बाजेवरची ती चुंबळ दिसायला लागली, आणि भिवाचा शब्द त्या चुंबळीबरोबर तिथंच पडून राहणार असं वाटलं.

शेठ बाजेकडं परत आले आणि त्यांनी भुजंगाला बोलावलं. पट्टीवर पळवणाऱ्याची साक्ष घ्यायची तर त्यानं बाजेवर ठेवलेल्या पागोट्यावर हात ठेवून बोलायचं, ही रीत. भुजंग पुढं आला आणि थबकला. पागोट्यावर त्यानं कितीदा हात ठेवला असेल. ही चुंबळ होती, बाईची, आणि त्या वस्तीतली. त्यानं अप्पारावाकडं पाहिलं. अप्पारावानं नजर दुसरीकडं नेली. सगळी जत्रा त्या हाताकडं बघत होती. मग भुजंगानं चुंबळीवर हात ठेवला, नीट, पुरा तळहात. फडकं सकाळच्या घागरीनं अजून ओलसर होतं.

शेठनी विचारलं, बाभळीपाशी मैना कुठं होती, आणि नंतर कुठं गेली.

"बाभळीपाशी बराबरीत होती," भुजंग म्हणाला. "मंग थांबलीच. म्या वळून पाह्यलं तर पुरं एक घोडं मागं पडल्ती. म्हटलं, झालं, आता येत न्हाई." त्याचा मालक तिथंच उभा होता. "पर आली शेठ. निशाणापाशी तिचं नाक माझ्या गुडघ्याला लागलं. आणखी चार टापा असत्या तर म्या मागं होतो. घोड्यावर बसतो म्या, खोटं कसं बोलू?"

शेठनी बाकीच्या पंचांकडं पाहिलं. बोलायला फारसं काही उरलं नव्हतं. एका घोड्याची लांबी तिनं गमावली आणि मानभर हरली, म्हणजे बाकीचं तिनं पळून भरून काढलं. आडवं कुणी आलं नसतं तर ती मागं राहिलीच नसती. त्यांनी हात वर करून सांगितलं, मैना पहिली, सुलतान दुसरा.

बौद्ध वस्तीच्या बायका ओरडल्या नाहीत. त्या एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या आणि त्यातल्या कितीतरी रडत होत्या. सर्जेराव मैनेच्या मानेत तोंड खुपसून उभा राहिला. केशरबाई मात्र हलली नाही. अजून एक काम बाकी होतं.

अप्पारावानं चुंबळ उचलली आणि तिच्या हातात द्यायला पुढं केली. तिनं हात पुढं केला नाही. शेठ बसल्या जागेवरून शांतपणे म्हणाले की पागोटं हातात देत नसतात. अप्पारावानं इकडं तिकडं पाहिलं. केशरबाई उंच बाई होती, आणि अप्पाराव सगळ्या बाबतींत मोठा असला तरी उंचीनं नव्हता.

"जरा वाक," तो पुटपुटला.

"पागोटं घेताना कोण वाकतं, अप्पाराव?" ती म्हणाली.

अप्पारावानं टाचा उचलल्या. दोन्ही हातांनी त्यानं ती ओलसर चुंबळ तिच्या डोक्यावर ठेवली, आणि ठेवताना ती घसरू नये म्हणून क्षणभर दाबून धरली. तेवढ्यात कुणीतरी हलगी वाजवली, आणि ती अप्पारावाच्याच माणसाची होती.

परतीच्या वाटेवर केशरबाई पुढं चालली, मागं मैना, तिच्या मागं सर्जेराव आणि सगळी वस्ती. पिंपळगावाच्या फाट्यावर एसटीची वाट बघणारी माणसं डोक्यावर रिकामी चुंबळ घेऊन ताठ चाललेल्या बाईकडं वळून वळून बघत होती. सर्जेरावाला लाज वाटायला लागली. तो जवळ आला आणि म्हणाला, वहिनी, ओझं न्हाई काही न्हाई, आता काढा की ती.

"अप्पारावानं आपल्या हातानं ठिवलीय," केशरबाई म्हणाली. "काढायची असंल तर त्यानंच येऊन काढावी."

ओढ्यापाशी ती थांबली. मैनेनं सकाळपासून फारसं खाल्लं नव्हतं. केशरबाईनं कमरेचा विळा काढला, भाराभर गवत कापलं, आणि तो भारा त्याच चुंबळीवर घेऊन घराकडं निघाली.