कल कुणीकडे

खाडाखोड सरांचा नियम साऱ्या शाळेला पाठ होता. उत्तर शाईनेच लिहायचं, आणि लिहिलेलं खोडलं की अर्धा गुण गेला. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या या गृहस्थांना आईवडिलांनी ठेवलेलं नाव होतं, पण ते आता कुणाला आठवत नव्हतं. आवर्त सारणी शिकवताना ते फळ्यावर डावीकडून उजवीकडे एक लांबलचक बाण ओढत आणि म्हणत, हा कल. या दिशेला अणू लहान होत जातो आणि त्याच्याकडून इलेक्ट्रॉन काढून घेणं अवघड होत जातं. एवढं डोक्यात ठेवा, बाकी मी बघतो. मुलं डोक्यात ठेवत. सर बाकीचं काही बघत नसत, ही गोष्ट वेगळी.

त्या दिवशी प्रयोगशाळेत भरलेल्या तासाला चाचणीचे पेपर हातात पडले आणि पहिल्या बाकावरच्या ठिणगीच्या अंगाचा तिळपापड झाला. ठिणगी हे तिचं घरचं नाव. फरशी बसवणाऱ्या बापाने तिचा राग बघून ती तीन वर्षांची असतानाच ठेवलेलं, आणि पुढे तिने ते कधी खोटं ठरू दिलं नाही. प्रश्न चौथा असा होता: नायट्रोजन आणि ऑक्सिजन, यांपैकी कुणाकडून इलेक्ट्रॉन काढून घेणं जास्त अवघड? ऑक्सिजन उजवीकडे, म्हणून अख्ख्या वर्गाने ऑक्सिजन लिहून दोन-दोन गुण खिशात घातले होते. ठिणगीने नायट्रोजन लिहिलं होतं. खाली कारणही होतं: ऑक्सिजनमध्ये दोन इलेक्ट्रॉन एकाच जागेत दाटीने बसतात, एकमेकांना ढकलतात, म्हणून त्यातला एक लवकर सुटतो. त्या कारणावर भलंमोठं लाल शून्य बसलं होतं.

शून्य तिने गिळलं असतं. पण त्याच तासाला सरांनी पुढच्या वर्षीच्या प्रवेशाचे फॉर्मही परत दिले. ज्याला विज्ञान शाखा हवी, त्याच्या फॉर्मवर 'विद्यार्थ्याचा कल' या रकान्यात रसायनाच्या शिक्षकांचा शेरा लागायचा. तिच्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'शास्त्राकडे नाही'. खाली सही. फॉर्म दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ऑफिसात द्यायचा होता. तो असाच गेला असता तर विज्ञानाचं दार बंद, आणि ठिणगीला लहानपणापासून दुसरं कुठलं दार ठाऊक नव्हतं.

ती उभी राहिली. इलेक्ट्रॉन काढायला किती ऊर्जा लागते त्याचे आकडे तुमच्या मागच्या आवर्त सारणीच्या तक्त्यावर आहेत, असं तिने सांगितलं. ते तिला माहीत असायचं कारण साधं होतं. दर शनिवारी तो तक्ता ओल्या फडक्याने पुसायची पाळी तिची असे, आणि प्रत्येक चौकोनातला बारीक आकडा तिच्या बोटाखालून गेला होता. सरांनी मान वळवली नाही.

"अकरा वर्षं हा तक्ता माझ्या पाठीशी आहे. तो आता तू मला वाचून दाखवणार?"

वर्ग हसला. बाण कुठल्या दिशेला आहे ते सांग आणि बस, असं सर म्हणाले. तिने दिशा सांगितली नाही, पण बसावं लागलं. मधल्या सुट्टीत तर कहरच झाला. शेजारच्या बाकावरची मैत्रीण, जिला ठिणगीने गेलं वर्षभर गणितं सोडवून दिली होती, तीच म्हणाली की आता गप्प बस, तुझं खरं निघालं तर आमचे सगळ्यांचे दोन गुण जातील. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. ठिणगीने डबा न उघडताच परत पिशवीत टाकला.

संध्याकाळी बापाने फॉर्म वाचला. बोटांना अजून सिमेंट होतं, म्हणून त्याने कागद कडेला धरला होता. सर म्हणतात तर असेल तसं, एवढंच तो म्हणाला, आणि पालकाच्या सहीसाठी पेन शोधू लागला. सरांपेक्षा तिला त्याचाच राग जास्त आला. परक्याने नाही म्हटलं तर भांडता येतं. आपल्याच माणसाने मान डोलावली तर कुणाशी भांडायचं? तिने वही आपटली आणि बाण, आकडे, तक्ता, सगळं एका दमात ओकून टाकलं. बाप ऐकत राहिला. पेन त्याने खाली ठेवलं.

"मोरीला उताराचा ढाळ दिला म्हणजे प्रत्येक फरशी खालीच जाते, असं नसतं," तो म्हणाला. "एखादी मध्येच वर राहते आणि तिथे पाणी तुंबतं. मालक म्हणतो ढाळ नाही, मी म्हणतो आहे. कोण खरं, ते भांडून कळत नाही. बादलीभर पाणी ओतायचं."

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच ती प्रयोगशाळेत गेली. सर वह्या तपासत बसले होते, तक्त्याकडे पाठ करून. ती स्टुलावर चढली, तक्ता खिळ्यावरून काढला आणि सरळ त्यांच्या वह्यांवर पसरला.

"वाचा, सर."

हा काय उद्धटपणा, असं सर म्हणाले खरे, पण डोळे खाली गेलेच. नायट्रोजन, चौदाशे दोन. ऑक्सिजन, तेराशे चौदा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आकडे होते तिथेच होते. छपाईची चूक असेल, ते म्हणाले. तिने दप्तरातून ग्रंथालयातलं जाडजूड पुस्तक काढून खुणेचं पान उघडलं. तिथेही तेच आकडे, आणि खाली तिने लिहिलेलं तेच कारण. अकरा वर्षं, तिच्या मनात आलं. अकरा वर्षांत किती जणांनी बरोबर लिहिलं असेल, शून्य घेतलं असेल आणि मुकाट्याने बसून घेतलं असेल?

सरांनी पुस्तक मिटून बाजूला सारलं. मग पेपर आण, दोन गुण वाढवतो, म्हणाले. तिने पेपर आणलाच नव्हता. तिने फॉर्म पुढे केला.

"ते शाईने लिहिलंय," सर म्हणाले.

"खोडा, सर. मी अर्धा गुण कापणार नाही."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनेही पाहिलं, आणि नजर खाली घेतली नाही. मग त्यांनी टोपण काढलं आणि 'नाही'वर एक आडवी रेघ मारली. बाजूला सही केली. रकान्यात एकच शब्द उरला: शास्त्राकडे.

ठिणगीने शाई वाळेपर्यंत फॉर्म हातात धरून ठेवला. वर्गाला कधी सांगणार, असं तिने विचारलं. सरांनी पेनाला टोपण लावलं. मग तिने तक्ता उचलला, स्टूल ओढत पलीकडच्या भिंतीपाशी नेलं आणि सरांच्या खुर्चीच्या बरोबर समोर, मोकळ्या खिळ्याला तो टांगला.