हाताने आवळायचा नट

सुनेने बायपासचा खटका फिरवून पाणी वळवलं, पाइपात उरलेलं पाणी बादलीत उतरवलं आणि सॉफ्टनरच्या मागे हात घातला. न्हाणीघराबाहेरचं ते पाणी मऊ करणारं यंत्र पंधरा दिवस गळत होतं. त्याला लागणारं मीठ ओतताना सुनेने टाकी आपटली, हा निकाल सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी देऊन टाकला होता. शेजाऱ्यांना, दूधवाल्याला, फोनवर नणंदेला, सगळ्यांना सांगून झालं होतं. मीठ तर ती वाटीवाटीने ओतायची.

आताही सासरे दारात खुर्ची टाकून उंटावरून शेळ्या हाकत होते.

"डावीकडे फिरव. डावीकडे. मीठ धड ओतता येत नाही, हे काय जमणार?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारी सासूबाई मूग गिळून लादी पुसत होत्या.

पाइपाचा नट निघाला. उभा तडकला होता. कडेला पकडीच्या दातांचे ओरखडे होते, जुन्यांवर नवे.

"प्लास्टिकचा आहे, हातानेच आवळायचा असतो," सून म्हणाली. "ह्याला पकड कोणी लावली?"

"मालच भिकार. आणि तू आपटल्यावर कोणीतरी आवळायला नको?"

"गळायच्या आधीपासून आवळताय तुम्ही," सासूबाई लादीकडे बघतच म्हणाल्या. "दर रविवारी. घरातले सगळे नळ आवळता, तसा हाही."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"तेव्हाही कळत नव्हतं." गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या. "लग्नाच्या पहिल्या वर्षी माझ्या शिलाई मशीनचं चाक तुटलं. तेही तुम्हीच पिळलं होतं, मी पाहिलं होतं. एकतीस वर्षं पाहुण्यारावळ्यांत सांगताय, हिच्या हाताला वळण नाही."

सुनेच्या हातात नवा नट तसाच राहिला. पंधरा दिवसांचा आपला राग तिला क्षणभर पोरकट वाटला, आणि मग दुप्पट झाला.

"हे फडकं भिजलंय," सासूबाई म्हणाल्या. "कोरडं घ्या आणि उरलेलं तुम्ही पुसा."

आणि ओलं फडकं घेऊन त्या गच्चीवर निघून गेल्या.

सासरे उठले. पाण्याकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं.

"कोरडी फडकी कुठे असतात गं आपल्याकडे?"

सुनेला ठाऊक होतं. तिने सांगितलं नाही.