विहीणबाईंच्या ओंब्या

सुप्रभाबाईंची आपल्या व्याह्यांबद्दल एकच तक्रार होती, आणि ती जेवणाच्या टेबलावरची होती. कॉर्नेलियस थीसन जेवायला बसले की आधी प्रार्थना करत, आणि ती काही दोन ओळींत आटोपत नसे. तिच्यात पाऊस यायचा, ऊन यायचं, कॅनडातले शेजारी, इंग्लंडात रीडिंगमधले शेजारी, गेलेली बायको हेलेना, सून मंजिरी, आणि मंजिरीची आई म्हणून खुद्द सुप्रभाबाईसुद्धा यायच्या. आपलं नाव रोज देवाच्या कानावर घातलं जातंय म्हटल्यावर माणूस तक्रार तरी किती करणार? पण तोवर फुलके गार व्हायचे ते व्हायचेच.

एरवी माणूस लाखातला होता. जन्म कॅनडाच्या प्रेअरीवर, सस्कॅचेवानमध्ये, जिथे नजर पोचेल तिथवर जमीन सपाट आणि तिच्यावर फक्त गहू. तिथेच लग्न, सहा मुलं, तिथेच दुष्काळ, गारपीट, टोळ. रविवारी त्यांनी कधी ट्रॅक्टरला हात लावला नाही, मग भरल्या शेतावर काळे ढग येऊन उभे का राहिनात. आणि सुगीच्या आभारप्रार्थनेचा रविवार आला की चर्चच्या टेबलावर स्वतःच्या शेतातला गहू ठेवल्याशिवाय ते राहिले नाहीत. ते लहान असताना एका वर्षी वाऱ्याने शेतातली मातीसुद्धा उडवून नेली होती. तेव्हा त्यांच्या वडिलांनी कुंपणाच्या कडेने फिरून मूठभर कणसं वेचली आणि तीच नेऊन ठेवली. खाडा केला नाही.

हेलेना गेल्यावर शेत विकलं गेलं आणि २००५च्या मे महिन्यात धाकट्या पीटरने, म्हणजे मंजिरीच्या नवऱ्याने, त्यांना रीडिंगला आणलं. आल्या आल्या म्हातारा मागच्या लॉनकडे बघत उभा राहिला.

"हे गवत कोण खातं?"

"कोणी नाही, डॅड."

"मग कशाला वाढवता?"

जूनमध्ये लॉन खणलं गेलं. सामानातल्या दोन लोकरी मोज्यांमधून बियाणं निघालं. विमानतळावर त्याबद्दल त्यांना कोणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. ही लबाडी मात्र पुढे रोजच्या प्रार्थनेत येऊ लागली. "एवढं शेवटचं पीक देवाला देतो," ते मंजिरीला म्हणाले, "मग मी मोकळा." मोकळा म्हणजे काय, ते मंजिरीने विचारलं नाही. तिला कळलं होतं.

यातलं शेवटच्या पिकाचं आणि देवाच्या टेबलाचं सुप्रभाबाईंना कोणीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर पुढचा सगळा घोळ झालाच नसता.

सुप्रभाबाई मूळच्या निफाडकडच्या. लेस्टरला येऊन त्यांना तीस वर्षं उलटून गेली होती. होजिअरीच्या कारखान्यात उमेदीची वर्षं गेली, यजमानही गेले, पण बाईंचा हात काही रिकामा राहायला शिकला नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी त्या लेकीकडे आल्या. शनिवारी सकाळी मंजिरी सामान आणायला गेली, आणि पीटर वडिलांना घेऊन चर्च सजवायला. बाई चहाचा मग घेऊन मागच्या दारात आल्या आणि जागच्या जागी थांबल्या.

गहू! ताटाएवढ्या नव्हे, चांगल्या खोलीएवढ्या जागेत, कमरेएवढा उभा. त्यांनी एक कणीस चोळलं, दाणा दाताखाली धरला. दूध आटलेलं, दाणा अजून हिरवा, मऊ. आणखी आठवडाभराने नुसते गहू होतील, पण आज? आज ओंब्या.

त्या क्षणी बाई लेस्टरच्या राहिल्या नाहीत. माहेरच्या बांधावर गोवऱ्यांचा धूर, राखेत भाजलेल्या गव्हाच्या ओंब्या, काकूच्या सुपातून उडणारी फोलपटं, सगळं एकदम नाकाशी आलं. आणि त्यांना व्याह्यांची दया आली. बिचाऱ्याला डोळ्यांनी दिसत नसेल, दाणा नेमका कुठे आलाय ते. जन्मभर गहू पिकवलेल्या माणसाला ओंब्या चुकाव्यात? आपण असताना?

स्वयंपाकघरातली कात्री घेऊन त्या उतरल्या. आधी म्हटलं, चार जणांपुरत्या. पण कबुतरांनी बरंच खाऊन ठेवलं होतं, आणि भाजून चोळल्यावर उरतं ते चिमूटभर. मग अजून थोड्या. शेजारच्यांना द्यायला अजून थोड्या. होता होता सगळी कणसं टोपलीत आली आणि वाफ्यात नुसता पेंढा उभा राहिला. पीटरच्या बार्बेक्यूवर निखारे फुलवून त्यांनी ओंब्या भाजल्या, टॉवेलमध्ये चोळल्या, फुंकर मारून फोलपटं उडवली. हिरवेगार दाणे थाळीत वाफाळत होते आणि बाई गात होत्या.

गाडी आली. चर्चहून परतताना पीटर आणि वडिलांनी मंजिरीलाही वाटेत घेतलं होतं. तिने थाळी पाहिली, मग बाग पाहिली आणि हातातली पिशवी खाली ठेवली.

"आई, हे तू सगळं कापलंस?"

"अगं, अगदी वेळेवर. गरम आहेत तोवर खा."

"आई, दॅट वॉज फॉर चर्च. उद्या. डॅडनी त्याच्यासाठीच ग्रो केलं होतं. लास्ट टाइम म्हणून."

म्हाताऱ्याने टोपी काढली होती आणि तो पेंढ्याकडे बघत उभा होता. शरमेने बाईंना मान वर करवेना. दुसऱ्याचं देवाचं ताट आपण उष्टं केलं, आणि तेही हौसेने.

त्या जवळ गेल्या. "थीसनसाहेब, मला माहीत नव्हतं. पण माझ्या हातून वाईट झालं. मला माफ करा."

"उद्यापर्यंत पिकणार नव्हताच तो," म्हातारा हळूच म्हणाला. "उशिरा पेरला, आणि इथलं ऊन हे असं. रोज दाणा चावून बघतो मी. चार दिवस झाले, मला कळलंय. उद्या तब्येतीचं निमित्त करून घरीच राहणार होतो." ते थाळीकडे वळले. "तुम्ही हे काय केलंत?"

"भाजलं. निखाऱ्यावर."

"हिरवंच?"

"हिरवंच भाजतात. मग चोळायचं."

त्यांनी चार दाणे तळहातावर घेतले, हुंगले, तोंडाकडे नेले आणि थांबले. मग त्यांचे खांदे हलू लागले. रडताहेत असं वाटून मंजिरी धावली, तर म्हातारा हसत होता.

"हेलेना असायला हवी होती," ते म्हणाले. "बायबलात, मोशेच्या शास्त्रात लिहिलंय, पीटर. पहिल्या पिकाचं अर्पण आणायचं ते असं: हिरवी कणसं, विस्तवावर भाजलेली, चोळून काढलेली. दर वर्षी वाचतो मी. आणि दर वर्षी आम्ही दोघं म्हणायचो, हिरवा गहू भाजतं तरी कोण?" त्यांनी सुप्रभाबाईंकडे बोट दाखवलं. "ही बाई भाजते. फक्त वर थोडं तेल घालायला सांगितलंय."

सुप्रभाबाईंनी डोळे पुसले. "तूप चालेल?"

म्हाताऱ्याने गंभीरपणे विचार केला. "चालेल," ते म्हणाले.

रविवारी चर्चच्या टेबलावर बीन्सचे डबे, टोमॅटो सूपचे डबे, कोणाच्या तरी बागेतला भोपळा, आणि मधोमध स्टीलची थाळी होती. ती कॉर्नेलियसनी स्वतः नेली नाही, सुप्रभाबाईंना न्यायला लावली. जन्मात पहिल्यांदाच चर्चमध्ये पाऊल ठेवलेल्या बाई रेशमी साडी सावरत, सगळ्यांच्या देखत पुढे गेल्या आणि सवयीने थाळीला नमस्कार करून परत आल्या. कोणाची काही हरकत दिसली नाही. पाळकसाहेब तर दाण्यांकडे आशेने बघत होते.

प्रार्थना झाल्यावर थाळी फिरली. प्रत्येकाच्या वाट्याला चिमूट आली. कॉर्नेलियसनी सगळ्यांत शेवटी घेतली. डोळे मिटून बराच वेळ चावत राहिले.

"साठ-सत्तर वर्षं मी जगाला गहू विकला," ते म्हणाले. "आणि चव तुम्ही दाखवलीत."

सुप्रभाबाई सोमवारच्या गाडीने लेस्टरला निघाल्या. सकाळी बॅग घेऊन दारात आल्या तर म्हातारा समोरचं लॉन खणत होता. पीटर दारात कपाळाला हात लावून उभा होता.

"एका मोज्यात बियाणं उरलंय. आता पेरलं की जुलैत दाणा धरेल," कॉर्नेलियस फावड्यावर रेलून म्हणाले. "काल कोणाचंच पोट भरलं नाही. तुम्ही जुलैत मोकळ्या आहात ना?"

"आहे," सुप्रभाबाई म्हणाल्या. "पण या खेपेला कापायच्या आधी विचारीन."