दादाच्या वाट्याचं वाक्य

ताईच्या पिशवीत दोन झगे, एक कंगवा, रबरी हातमोज्यांचा एक जोड आणि पोलिसांनी मालकाकडून सोडवलेला पासपोर्ट निघाला. तीन वर्षं चार महिन्यांनी ती एवढंच घेऊन परत आली.

परदेशातल्या एका धुलाई कारखान्यात ती होती. रोज चौदा तास काम, पगार नाही, दाराला बाहेरून कुलूप. दलालाच्या कागदावर सही दादाची. आईला त्याने सांगितलं होतं की ताई नर्सिंग शिकायला गेलीय.

ती आल्याच्या चौथ्या दिवशी दादा म्हणाला की रविवारी चर्चच्या प्रार्थनेत तिने साक्ष द्यावी, देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगावं. विषयही त्यानेच ठरवला होता: बायबलमधला, भावांनी गुलाम म्हणून विकलेला योसेफ. भावांचं जाऊ दे, देवाने त्यातून चांगलंच घडवलं, असं तिने म्हणायचं. चर्चच्या पंचांत त्याचं नाव यायचं होतं आणि ताईला त्यानेच पाठवलं ही लोकांची कुजबुज थांबत नव्हती.

"देवानेच तुला तिथे पाठवलं असं समज," तो चहा ढवळत म्हणाला.

माझं डोकं फिरलं. "कागदावर सही तर तुझी आहे."

"तू गप. चार बुकं शिकलीस म्हणून मला अक्कल शिकवू नकोस."

मी बायबल काढलं आणि त्या गोष्टीतल्या प्रत्येक वाक्यापुढे बोलणारा कोण ते लिहीत गेले. देवाने चांगलं केलं, हे विकला गेलेला भाऊ बोलतो. विकणाऱ्या दहा भावांपैकी एकही ते बोलत नाही. आम्ही अपराधी आहोत, एवढंच त्यांच्या तोंडी आहे. दादा अकरा वर्षं चर्चच्या रविवारच्या शाळेत हा भाग मुलांना शिकवतोय आणि त्याने दुसऱ्याचंच वाक्य पाठ केलंय.

कागद ताईला दाखवला. तिने तो वाचून घडी घातली. म्हणाली, मला ठाऊक आहे, तिथे मी रोज हीच गोष्ट मनात म्हणायचे.

रविवारी ती उभी राहिली.

"कुलपाच्या आत देव माझ्यासोबत होता. वाफेने हात भाजला तेव्हा होता. शेजारच्या यंत्रावरची बाई तिचं अर्धं जेवण माझ्या ताटात सरकवायची, तेव्हाही होता. हे माझं आहे, म्हणून मी सांगितलं. दादाने त्याचं वाक्य स्वतः म्हणावं."

ती बसली नाही. त्याच्याकडे बघत राहिली.

चार मिनिटं वीस सेकंदांनी दादा उठून बाहेर गेला. त्याला आणि ताईला सोडून प्रार्थनेच्या खोलीत त्रेसष्ट माणसं होती. एक त्याच्या मागोमाग गेला. बासष्ट बसून राहिली.